करोनाकाळात ब्रिटन सरकारने निविदा न काढता ‘पब्लिक फर्स्ट’ या खासगी संशोधन संस्थेला दिलेलं जनमत चाचणीचं काम बेकायदा ठरलं होतं ना?

आधी ठरलं होतं, पण अपिलात तो निर्णय फिरला. हे काम होतं सरकारचे आरोग्यसंदेश लोकांपर्यंत नीट पोचतात का, हे फोकस ग्रुप (निवडक लोकांच्या छोट्या गटांशी चर्चा) घेऊन तपासण्याचं, सुमारे ५.६ लाख पौंडांचं. जून २०२१ मध्ये हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं. कारण नीट बघा: तातडी खरी होती आणि २०१५ च्या खरेदी नियमांतल्या नियम ३२ नुसार थेट काम देता येत होतं, हे कोर्टाने मान्यच केलं. आक्षेप वेगळा होता. दुसऱ्या संस्थांचा विचारच झाला नाही, त्यामुळे पक्षपाताचा आभास निर्माण झाला, असं कोर्ट म्हणालं. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तेवढाच भाग रद्द केला.

मात्र याचा अर्थ ‘आणीबाणीत काहीही चालतं’ असा काढू नका. ही सवलत अकल्पित प्रसंगासाठी आणि अत्यावश्यक तेवढ्याच कामापुरती होती. ‘हीच संस्था का?’ याची लेखी नोंद त्याच वेळी ठेवली असती, तर माझ्या मते हा वाद इतका ताणलाच नसता. आता तिथे २०२३ चा नवा खरेदी कायदा लागू आहे.