आधी त्या संस्थेला फोन करा

प्रिय ताई,

मी ४१ वर्षांची. सोळा वर्षं एका मोठ्या कंपनीत फायनान्समध्ये आहे, गेली पाच वर्षं बजेट आणि कॉस्टिंगची टीम सांभाळते. पगार चांगला आहे, पण सकाळी लॅपटॉप उघडताना पोटात गोळा येतो. बारा वर्षं पक्षी बघते आहे. पाणवठ्यावर असते तेवढाच वेळ मी माणसात येते. वन्यजीवशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज भरून ठेवलाय, राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. नवरा विरोध करत नाही, पण 'तिथे जाऊन तू नक्की काय करणार?' एवढंच विचारत राहतो आणि माझा सगळा उत्साह मावळतो. भावाला हे चाळिशीचं खूळ वाटतं. मागे पाणथळींवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने फंडरला, म्हणजे अनुदान देणाऱ्याला, पाठवायचा खर्चाचा अहवाल बघून द्याल का म्हणून विचारलं होतं, पण पुन्हा एक्सेलच बघायचं तर नोकरी काय वाईट, म्हणून मी नाही म्हटलं. (त्या वर्षी त्यांची जानेवारीची पक्ष्यांची गणनाही झाली नाही म्हणे.) घरच्यांना कसं पटवू? उडी मारू का?

— काठावर उभी

(पत्र संक्षिप्त केलं आहे.)

प्रिय 'काठावर उभी',

तुमच्या मूळ पत्राची दोन पानं नवऱ्यावर आहेत आणि एक भावावर. मी मात्र कंसातल्या त्या एका वाक्यापाशीच थांबले. गणना झाली नाही म्हणे! बारा वर्षं पक्षी बघणारी बाई ही बातमी कंसात टाकते आणि पुढच्याच ओळीत घरच्यांकडे वळते, याचा मला राग आला आहे.

जानेवारीची गणना म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. तरी लिहिते. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ साली सुरू झाली, तिचा समन्वय 'वेटलँड्स इंटरनॅशनल' ही संस्था करते. ती जानेवारीत घेतात, कारण तेव्हा उत्तरेकडून आलेले थवे हिवाळी मुक्कामावर स्थिरावलेले असतात आणि तेच पक्षी दोन जागी मोजले जाण्याचा धोका कमी असतो. या आकड्यांचा उपयोग कुठे होतो? १९७१ साली इराणमधल्या रामसरला झालेल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या पाणपक्ष्याच्या समष्टीतले, म्हणजे त्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण पक्ष्यांपैकी, एक टक्का पक्षी नियमितपणे येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. सगळं वजन त्या 'नियमितपणे' या शब्दावर आहे. किमान तीन हंगामांची पुरेशी माहिती हवी आणि त्यातल्या दोनतृतीयांश हंगामांत तो आकडा गाठलेला हवा. नाहीतर किमान पाच वर्षांच्या कमाल आकड्यांची सरासरी तरी दाखवता आली पाहिजे. हुकलेली जानेवारी मार्चमध्ये भरून काढता येत नाही, तोवर थवे परतीला लागलेले असतात. त्या पाणथळीत भराव टाकायचा प्रस्ताव आला, तर संस्थेच्या तक्त्यात त्या वर्षाची जागा रिकामी असणार.

तुमच्या नकारामुळेच गणना हुकली असं मी म्हणत नाही, त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत. पण छोट्या संस्थेत गणना कशी हुकते ते सांगते. दुर्बिणी असतात, टेलिस्कोप असतो, पहाटे चारला उठणारी माणसंही असतात. होडीवाल्याला द्यायला पैसे नसतात. पैसे नसतात कारण अनुदानाचा दुसरा हप्ता आलेला नसतो, आणि हप्ता अडकतो तो खर्चाच्या अहवालापाशी.

अनुदान एकरकमी येत नाही. करार होतो, पहिला हप्ता येतो, सहा महिन्यांनी कामाचा आणि खर्चाचा असे दोन अहवाल जातात, फंडर शंका काढतो, शंकांचं निरसन झालं की दुसरा हप्ता सुटतो. कामाचा अहवाल सहसा वेळेत जातो, कारण तो लिहिणाऱ्याला आवडतो. खर्चाचा अहवाल तोच माणूस रात्री फील्डवरून आल्यावर करत बसतो. संस्थेत हिशेबासाठी वेगळा माणूस का नाही, असं तुम्ही विचाराल. बहुतेक फंडर फील्डच्या कामाला पैसे देतात आणि भाडं, वीज, ऑडिट, हिशेबनीस यांच्यासाठी एकूण रकमेचा लहानसा टक्काच ठेवू देतात. त्यात पूर्णवेळ माणूस बसत नाही. म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं.

आणि तुम्ही त्याला 'पुन्हा एक्सेलच' म्हणालात. तिथल्या एक्सेलमध्ये काय असतं ते जरा जवळून बघा.

एक व्हाउचर घ्या. होडीवाल्याने वहीच्या पानावर लिहून दिलंय, 'होडी दोन दिवस', खाली रक्कम आणि सही. तारीख नाही, कुठल्या कामासाठी ते नाही. संस्थेकडे तीन अनुदानं आहेत आणि ही होडी त्यातल्या कोणत्या अनुदानाची, हे फक्त फील्ड समन्वयकाला आठवतंय, तेही बहुधा. त्याच पिशवीत पेट्रोलपंपाची पावती आहे. ती थर्मल कागदाची, चार दिवस उन्हात गाडीच्या काचेमागे राहिली आणि कोरी झाली. ऑडिटरच्या दृष्टीने ते पेट्रोल भरलंच गेलं नाही. फंडर ती रक्कम नामंजूर करतो आणि संस्था ती आपल्या खिशातून भरते. संस्थेचा खिसा म्हणजे पुढच्या महिन्याचे पगार.

यावरचा इलाज तुम्हाला झोपेतही सांगता येईल. तारीख, नाव, काम, ठिकाण, रक्कम, सही किंवा अंगठा, साक्षीदार आणि प्रोजेक्ट कोड असे रकाने छापलेलं व्हाउचर-बुक समन्वयकाच्या पिशवीत हवं. प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी काढायचा. कोडशिवाय व्हाउचर घ्यायचं नाही. तुमच्या भाषेत हे कॉस्ट सेंटर. तुमच्या टीममधलं नवखं पोरही हे करेल. त्या संस्थेत ते येणारं कुणी नाही.

पगारांचा भाग याहून नाजूक. एकच समन्वयक तीन अनुदानांवर काम करतो, प्रत्येक प्रपोजल वेगळ्या वर्षी, वेगळ्या घाईत लिहिलेलं. एकात त्याचा ५० टक्के वेळ, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ३०. बेरीज १२०. कुणाच्या मनात पाप नसतं, पण एकाच माणसाचा पगार दोघांकडून घेतल्यासारखं दिसतं, आणि अशा एका शेऱ्याने फंडर कायमचा जातो. दर महिन्याच्या टाइमशीटवर १०० टक्क्यांचा हिशेब जुळवणारं कुणी हवं असतं.

आता तुम्ही कुठे चुकाल तेही सांगते, कारण कंपनीतून येणारी हुशार माणसं नेमकी या जागी चुकतात. पहिलं म्हणजे तुम्ही वार्षिक बजेटला बाराने भागाल. पक्ष्यांच्या कामाचा खर्च बाराने भागला जात नाही. हिवाळ्यात तो उसळतो आणि स्थलांतरी पक्षी गेले की जवळजवळ थांबतो. सहाव्या महिन्यात २० टक्केच खर्च झाला म्हणून तुम्ही धोक्याची घंटा वाजवाल आणि फील्डच्या लोकांचा विश्वास तिथेच घालवाल. रोख रकमेचा आराखडा हंगामावर बेतायचा.

दुसरं, तुम्ही पैसे वाचवाल. कंपनीत त्याची शाबासकी मिळते. अनुदानात उरलेला पैसा बहुधा परत जातो, आणि फंडरला वाटतं की काम तरी झालं नाही किंवा बजेट तरी फुगवलं होतं. पैसे उरणार असं दिसलं तर मुदत संपायच्या आधी लेखी पत्र देऊन, जादा पैसे न मागता फक्त मुदतवाढ मागायची. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी मागितली तर सहसा उपयोग नसतो. खर्चाच्या एका हेडमधले पैसे दुसऱ्यात वळवायचे असतील तर आधी करार वाचा. बऱ्याच करारांत विनापरवानगी थोडी हालचाल चालते, दहा टक्क्यांची मर्यादा नेहमी दिसते, पण तुमच्या हातातल्या करारात काय लिहिलंय तेवढंच खरं.

तिसरी चूक माणसांच्या बाबतीतली. पहिल्याच महिन्यात तुम्ही अठरा पानांची कार्यपद्धती लिहून पाठवाल. नका पाठवू. आधी एक दिवस समन्वयकाबरोबर होडीत बसा. थवा मोजताना तो आधी दहा पक्षी मोजतो, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवतो आणि तेवढी चौकट थव्यावर सरकवत नेतो. थवा मोठा असला तर शंभराची चौकट. एका हातात मोजणीचा क्लिकर, दुसऱ्या हातात टेलिस्कोपची मूठ, बोटं गारठलेली. त्या माणसाने त्या क्षणी व्हाउचरवर आठ रकाने भरावेत अशी अपेक्षा ठेवणार असाल, तर ते रकाने कोरेच येतील. त्याला काय भरता येईल आणि काय तुम्ही संध्याकाळी फोनवर विचारून भरायचं, हे होडीतच कळतं.

अभ्यासक्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो अर्ज पाठवू नका. दोन वर्षांनी तुम्ही ४३ वर्षांच्या नव्या जीवशास्त्रज्ञ व्हाल आणि २४ वर्षांच्या मुलामुलींबरोबर त्याच एकेका प्रकल्पाच्या, मुदत संपली की संपणाऱ्या जागांसाठी रांगेत उभ्या राहाल. तंबूत चार-चार महिने राहायची त्यांची तयारी असते, सांख्यिकीचं सॉफ्टवेअर त्यांच्या बोटांवर असतं. पक्षी ओळखणारे आणि थवा मोजणारे लोक संवर्धनाच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. तीन अनुदानांचे पैसे एकमेकांत न मिसळता हंगामाच्या आधी जागेवर पोचवणारी माणसं फार थोडी आहेत, आणि त्यांच्यावाचून त्या मोजणाऱ्यांचं काम अडतं. तुम्हाला सोळा वर्षांची ओळख टाकून नव्याने जन्म घ्यायचा आहे. ही इच्छा मला समजते, थकलेल्या माणसाला तसं वाटतंच. पण त्या पाणथळीला तुमचा नवा जन्म नकोय, सोळा वर्षांत जे शिकलात ते हवंय.

नवऱ्याचा प्रश्न, 'तिथे जाऊन तू नक्की काय करणार?', हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. उत्साह मावळतो, पण हा प्रश्न टोचतो म्हणून नाही. तुमच्याकडे उत्तर नाही म्हणून मावळतो. एक अहवाल पूर्ण करा, उत्तर तुमच्या हातात असेल. मग घरच्यांना पटवायचं कसं हे मला विचारावं लागणार नाही.

तर हे करा. त्या संस्थेला उद्या फोन करा. मागच्या वेळी नाही म्हटलं ते चुकलं असं सरळ सांगा, लांबण लावू नका. मग चार गोष्टी मागा: चालू करारांच्या प्रती, मंजूर बजेट, बँकेचं स्टेटमेंट आणि व्हाउचरची पिशवी, जशी आहे तशी. नीट लावून द्या म्हणू नका, लावायला वेळ नाही म्हणून तर त्यांना तुम्ही हव्या आहात. एक अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही करा, फंडरच्या शंकांना उत्तरं देऊन हप्ता सुटेपर्यंत. शनिवार-रविवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पुरतील. त्याआधी तुमच्या कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा, विनामोबदला कामासाठीही काही ठिकाणी लेखी परवानगी लागते.

राजीनाम्याचा मेल तोवर ड्राफ्टमध्येच राहू द्या. या काळात संस्थेतला पगार गृहीत धरून घर चालवून बघा, उरलेली रक्कम हात न लावता बाजूला ठेवा. पुढे संस्थेने जागा देऊ केली तर पगाराचा आकडा विचारायच्या आधी एक विचारा, हा पगार कोणत्या अनुदानातून येतो आणि ते अनुदान कोणत्या महिन्यात संपतं. असं विचारणारा माणूस आपल्याला हवाच होता, हे त्यांनाही कळेल.

आणि तारखा उलट्या मोजा. गणना जानेवारीत. होड्या आणि माणसं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवायला हवीत, म्हणजे नोव्हेंबरअखेर पैसे खात्यात हवेत. फंडरच्या शंकांना सहा आठवडे धरा. अहवाल ऑक्टोबरच्या मध्याला गेला पाहिजे, म्हणजे व्हाउचरची ती पिशवी सप्टेंबरच्या सुरुवातीला तुमच्या टेबलावर हवी. आज कोणता महिना चालू आहे ते बघा आणि फोन लावा. गणना झाली की आकडा मला कळवा.

— ताई