शस्त्रक्रियेआधी घेतलेला प्रोटीन शेक नंतरही चालेल का?

वजन कमी करण्यासाठीची तुमची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली आहे. त्याआधीच्या दोन आठवड्यांच्या द्रव आहारासाठी जो प्रोटीन शेक आणायचा तोच नंतरही चालेल का, आणि चालत असेल तर त्याचे मोठे डबे आताच भरून ठेवावेत का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: भरून ठेवू नका. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची, होऊन आता सहा वर्षे झाली. त्या वेळी चॉकलेटच्या चवीचे दोन मोठे डबे मी आधीच आणून ठेवले होते, कारण द्रव आहाराच्या दिवसांत ती चव मला मनापासून आवडली होती. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी त्याच शेकचा पहिला घोट इतका गोडमिट्ट लागला की दुसरा घेववेना. चव आणि वास यांत असा बदल या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना जाणवतो, आणि तो कोणत्या दिशेने होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून एकेका मात्रेची छोटी पाकिटे तीन-चार चवींत आणा, त्यांत एक अगदी बिनचवीचे असू द्या, आणि मोठ्या डब्याचा निर्णय शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी घ्या.

आता पहिला प्रश्न. दोन्ही वेळच्या पेयाला आपण शेकच म्हणतो, पण त्यांची कामे वेगळी असतात, आणि निवड चुकते ती बहुतेक इथेच.

शस्त्रक्रियेआधीचा आहार मुख्यतः यकृतासाठी असतो. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर आडवा येतो, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरल्याशिवाय शल्यविशारदांना जठरापर्यंत नीट पोहोचता येत नाही. वजन जास्त असलेल्या अनेकांचे यकृत चरबीमुळे मोठे, जड आणि सहज इजा होईल असे झालेले असते. दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी आणि कमी कर्बोदके असा आहार दोन आठवडे घेतला की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वापरला जातो, प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते, काही चरबी कमी होते आणि यकृत आकसते. या काळात शेक जेवणाच्या जागी येतो. म्हणून त्यात प्रथिनांबरोबर जीवनसत्त्वे, खनिजे, थोडी स्निग्धता आणि थोडी कर्बोदकेही हवीत. अशा पावडरीला मील रिप्लेसमेंट म्हणतात. नुसत्या व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांच्या, पावडरीत प्रथिने भरपूर असली तरी बाकीचे जवळजवळ काहीच नसते, आणि केवळ तिच्यावर दोन आठवडे काढणे म्हणजे अशक्तपणा घेऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणे होय. तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिवसातून एक जेवण आणि दोन शेक अशी योजना दिली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जेवणातून काय मिळते आहे हे पाहून शेक कोणता हे त्याच ठरवतील.

तुम्हाला मधुमेह आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, पण असेल तर हा आहार सुरू करण्याच्या आधीच औषधांचे डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. कर्बोदके एकदम कमी झाली आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पूर्वीच्याच प्रमाणात चालू राहिल्या तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, म्हणजे एसजीएलटी२ गटातली औषधे, घेत असाल तर कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा, धोका असतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. आणखी एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘फक्त पारदर्शक द्रव’ असे सांगितले जाते, त्यात दुधाचा किंवा व्हेचा दाट शेक बसत नाही. जठर रिकामे होण्याच्या दृष्टीने तो अन्नातच मोडतो.

शस्त्रक्रियेनंतर चित्र उलटे होते. बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवीच अन्नाच्या वाटेवर उरते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकलेला असतो. खाणे अगदी थोडे, वजन वेगाने उतरते आहे आणि आतल्या जखमा भरून यायच्या आहेत, अशा वेळी प्रथिने पुरेशी मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून ती मिळवते. दिवसाला किमान ६० ग्रॅम हे सर्वसाधारण लक्ष्य असते, आणि उंची, वजन व शस्त्रक्रियेचा प्रकार पाहून ते ८० ग्रॅमपर्यंत किंवा त्याहून वर नेले जाते. पहिल्या काही दिवसांत ते गाठले जात नाही आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तेव्हा पाणी पोटात जाणे अधिक महत्त्वाचे असते. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा इतकी थोडी असते की प्रत्येक घोटाने काम केले पाहिजे. आधीचा मील रिप्लेसमेंट इथे नेमका याच कारणाने मागे पडतो, कारण त्यातली बरीच जागा कर्बोदके अडवतात.

डबा हातात घेतल्यावर समोरच्या बाजूवरचे मोठे आकडे बाजूला ठेवा आणि मागची बाजू वाचा. एका चमच्यात एकूण किती ग्रॅम पावडर आहे आणि त्यात प्रथिने किती, हे आधी पाहा. ३४ ग्रॅमच्या चमच्यात २५ ग्रॅम प्रथिने असतील तर पावडरीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग प्रथिनांचा आहे, आणि ते चांगले. ६० ग्रॅमच्या मापात २० ग्रॅमच असतील तर उरलेले बहुतेक साखर आणि स्टार्च असतात. वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मास गेनर पावडरी अशाच असतात, आणि दुकानात त्या प्रोटीन पावडरीच्या शेजारीच मांडलेल्या असतात. एका मात्रेत साखर पाच ग्रॅमच्या आत असावी, हा माझ्या आहारतज्ज्ञांनी दिलेला नियम मी अजून पाळते. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा ग्लुकोज सिरप वरच्या बाजूला दिसले तर डबा परत ठेवा.

बायपासनंतर साखरेबाबत इतके काटेकोर राहण्याचे कारण डंपिंग सिंड्रोम हे आहे. गोड पेय छोट्या पिशवीतून थेट लहान आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, आणि दहा मिनिटे ते अर्ध्या तासात पोटात कळा, घाम, धडधड, जुलाब आणि आडवे होण्याची तीव्र इच्छा असे सगळे एकदम सुरू होते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. त्यात साखर झपाट्याने वाढल्यामुळे शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडते, आणि मग साखर घसरून हातपाय थरथरू लागतात. साखर नको म्हणून सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी गोड द्रव्ये घातलेली पावडर निवडली तर वायू आणि जुलाब त्यांच्यामुळेही होतात, हेही ध्यानात असू द्या.

प्रथिने कोणती, हा पुढचा प्रश्न, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाचा. व्हे प्रोटीन दुधातून येते. त्यात नऊही आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारे प्रथिनांचे घटक, असतात आणि स्नायूंना विशेष उपयोगी असलेले ल्युसिनही भरपूर असते. त्याचा कॉन्सन्ट्रेट हा प्रकार साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रथिनांचा असतो आणि त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, काही प्रमाणात उरते. आयसोलेट ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतो आणि त्यात लॅक्टोज नाममात्र असते. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो, त्यामुळे आजवर दूध निर्धास्त पचवणाऱ्या माणसालाही शस्त्रक्रियेनंतर लॅक्टोज सोसेनासे होऊ शकते. निदान पहिले काही महिने आयसोलेटच घ्या, असे मी म्हणेन. दूध अजिबात चालत नसेल तर सोया आयसोलेट हा चांगला पर्याय आहे. वाटाण्याच्या प्रथिनात मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते, म्हणून ते तांदळाच्या प्रथिनाबरोबर मिसळलेले घ्यावे.

कोलॅजनपासून मात्र सावध राहा. पाण्यासारखी पातळ, फळांच्या चवीची काही प्रोटीन पेये कोलॅजनची असतात. ती प्यायला इतकी सोपी असतात की पहिल्या आठवड्यात ती अमृतासारखी वाटतात, आणि बाटलीवर प्रथिनांचा आकडाही भरघोस असतो. पण कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसते, त्यामुळे एकट्या कोलॅजनमधून शरीराला स्वतःचे प्रथिन बांधता येत नाही. रोजच्या ६० ग्रॅमच्या हिशेबात ते धरू नका. तशीच स्वच्छ पातळ पेये व्हे आयसोलेटचीही मिळतात. फरक घटकांच्या यादीतल्या पहिल्या शब्दावरून कळतो.

त्या यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन वेगळे लिहिलेले दिसले तरीही थांबा. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत १८८३ मध्ये योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने दिलेली आहे. तिच्यात नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ने गुणून प्रथिनांचा अंदाज काढतात. तो नायट्रोजन खऱ्या प्रथिनातून आला की स्वस्त ग्लायसिनमधून, हे या पद्धतीला कळत नाही. असे घटक मिसळून डब्यावरचा आकडा फुगवता येतो, आणि ज्याचे दिवसाचे खाणेच मूठभर आहे त्याच्यासाठी ही फसवणूक फार महागात पडणारी आहे. म्हणून कंपनीबाहेरच्या प्रयोगशाळेने तपासल्याची खूण असलेली पावडर निवडणे इष्ट.

शेक तयार करण्याबद्दल थोडेसे. शेकरमध्ये जोरात हलवल्याने फेस होतो आणि ती हवा लहान पिशवीत गेली की दुखते; दहा मिनिटे ठेवून फेस बसू द्या. बिनचवीची पावडर सूपमध्ये छान मिसळते, पण सूप आधी कोमट होऊ द्या, कारण उकळत्या पाण्यात व्हेच्या गुठळ्या होतात. एक पेला संपायला तास-दीड तास लागला तर लागू द्या. गोडी जड वाटली तर तोच शेक दुप्पट पाण्यात करा. प्रथिने तितकीच राहतात आणि पाणीही पोटात जाते.

पुढे घन आहार सुरू झाला की शेक मागे घ्यायला शिकावे लागते. द्रव पदार्थ पिशवीतून लवकर पुढे सरकतो, पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि कॅलरी मात्र मोजल्या जातात. नवव्या महिन्यात माझे वजन उतरायचे थांबले, तेव्हा आहारतज्ज्ञांनी आठवडाभराचे खाणे लिहून आणायला सांगितले. जेवणांच्या मधल्या वेळेत मी सवयीने दोन शेक घेत होते. त्यांच्या जागी अंडे, दही, मासे आणि डाळी आल्या. प्रथिनांचा घास आधी खायचा आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यायचे, हा क्रम तेव्हापासून पक्का झाला. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र ६० किंवा ८० ग्रॅमचे कोणतेही लक्ष्य स्वतःच्या मनाने धरू नये. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

शेकच्या डब्यावर जीवनसत्त्वांची कितीही लांब यादी असली तरी ती तुमच्या पूरक गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. बी१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व आणि थायमिन (बी१ जीवनसत्त्व) यांच्या गोळ्या बायपासनंतर आयुष्यभर घ्यायच्या असतात, आणि लोहाची गोळी दुधाच्या शेकबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते. थायमिनचा शरीरातला साठा तर काही आठवड्यांतच संपतो. शेक पोटात ठरत नाही आणि दोन-तीन दिवस उलट्या होत आहेत, अशी वेळ आली तर पावडर बदलून पाहण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी तुमच्या शल्यविशारदांना कळवा. थायमिन फार कमी झाले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि थायमिन न देता शिरेतून ग्लुकोज चढवले तर ती वाढू शकते. म्हणून दुसऱ्या कोणत्या रुग्णालयात जावे लागले तर सलाईन लावण्याआधीच तिथल्या डॉक्टरांना सांगा की तुमची बायपास झालेली आहे आणि किती दिवसांपासून उलट्या होत आहेत.