आधी ड्रमरचा हात ऐक

प्रिय मित्रा,

तुझा ड्रम अँड बेसचा ट्रॅक ऐकला, तेच भरधाव ड्रम्सचं इलेक्ट्रॉनिक संगीत. पत्रही वाचलं. 'अजून जॅझी कसा करू? कुठला सॅक्सोफोन घालू?' एकही घालू नकोस. आहे तोही काढ. जॅझ तुझ्या ड्रम्समध्ये असायला हवा होता, आणि तिथे तू एकूण एक ठोका सॉफ्टवेअरच्या समान खाण्यांच्या ग्रिडवर नेऊन बसवला आहेस. ड्रमरचा हात ऐक. आधी तो, बाकीचं नंतर बोलू.

ज्या आमेन ब्रेकवर, म्हणजे एका गाण्यातल्या नुसत्या ड्रम्सच्या तुकड्यावर, तू सगळा डोलारा उभा केलास, तो १९६९ साली 'द विन्स्टन्स'च्या ग्रेगरी कोलमनने वाजवला. चार बार, म्हणजे चार-चार मात्रांची चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंद. बँड फंक-सोलचा, जॅझचा नव्हे, मान्य. पण स्नेअर ड्रमवरचे ते दबके ठोके, तिसऱ्या बारमध्ये सरकलेला जोर, चौथ्यात सम येणार असं वाटत असतानाच रिकामी सोडलेली जागा! तू तबला शिकलायस, तुला हे कळायलाच हवं. लंडनच्या पोरांनी नव्वदच्या दशकात सॅम्पलरवर त्या सात सेकंदांची खांडोळी केली, वेग मिनिटाला १६०-१७० ठोक्यांवर नेला, तरी कोलमनचा हात शिल्लक राहिला. तू तो पुसलास. का रे?

तुकडे करायला माझी ना नाही. १९७० च्या 'बिचेस ब्रू'मध्ये निर्माता टीओ मासेरोने जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडची टेप कापून, तुकडे जोडून रचना उभ्या केल्या. दोन वर्षांनी आलेल्या 'ऑन द कॉर्नर'च्या गर्दीत बादल रॉयचा तबला आहे. टेपवर ब्लेड चाललं, वाजवणाऱ्याचा हात मात्र जागेवर राहिला.

आणि माइल्सचंच, १९६७ मध्ये रेकॉर्ड झालेलं 'नेफर्टिटी' लाव. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तीच धून शेवटपर्यंत फिरवत राहतात, सोलो घेतच नाहीत. त्यांच्याखाली ड्रमर टोनी विल्यम्स दरवेळी वेगळं बोलतो. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो ना, अगदी तसं. ड्रम अँड बेस हेच तर करतं: वर लांबलचक सूर, खाली निम्म्या चालीचा बास, आणि बोलायचं काम ड्रम्सकडे. कुणी विल्यम्सकडून थेट उचललं असं माझं म्हणणं नाही. कान तोच आहे, एवढंच.

ड्रम अँड बेसवाल्यांपैकी एलटीजे बुकेमचे मऊ कीबोर्ड, फोर हीरोची व्हायोलिनं मलाही आवडतात, पण तिथून सुरुवात करू नकोस. रोनी साइझच्या रेप्राझेंट या गटाला १९९७ मध्ये 'न्यू फॉर्म्स' अल्बमसाठी ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, आणि त्यातला डबल बास ऐकून लोकांनी 'जॅझ, जॅझ' केलं. मंचावर क्लाइव्ह डीमर खरे ड्रम्स त्या वेगाने वाजवायचा, त्याबद्दल कुणी बोललं नाही! स्क्वेअरपुशर घे. यंत्रावर इतकं बारीक कातरकाम करणारा हा टॉम जेन्किन्सन १९९८ च्या 'म्युझिक इज रॉटेड वन नोट'साठी ठोके आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर बाजूला सारून ड्रम्स, बास, कीबोर्ड सगळं स्वतः वाजवायला बसला. त्याला हाताकडे का वळावंसं वाटलं, याचा विचार कर.

या हट्टापायी माझी जाहिरातींची कामं गेली. 'ड्रम्स जरा सरळ करा' म्हणणाऱ्या स्टुडिओत मी पुन्हा पाय ठेवला नाही. लोक अडेल म्हणाले. म्हणू देत. तेव्हा त्यांचं ऐकलं असतं, तर आज तुला सांगायला माझ्यापाशी काय उरलं असतं? खंत वेगळीच आहे. आमच्या चाळीत ड्रम किट मांडायला जागा नव्हती, आणि जागा झाली तोवर मनगटं गेली होती. तुझी शाबूत आहेत, आणि तू माउसने ठोके ओढत बसतोस, याचा मला राग येतो.

तर ठोके आपोआप ग्रिडवर बसवणारं ते क्वांटाइझचं बटण महिनाभर विसर. कोलमनचा चौथा बार आधी तबल्यावर बसव, मग पॅडवर वाजव. मागेपुढे झाला तर तसाच राहू दे. आणि मला नुसते ड्रम्स पाठव, बाकी काही नको.