भीमसरट: भिणारा नव्हे, ज्याला भ्यावे तो

डायनोसॉरच्या अभ्यासकाला ‘पुरातत्त्वज्ञ’ म्हणावे का, आणि ‘डायनोसॉर’साठी अधूनमधून वाचनात येणारा ‘भीमसरट’ हा शब्द म्हणजे ‘महाकाय पाल’च का, असे एका वाचकाने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. पुरातत्त्वज्ञ माणसाने मागे ठेवलेल्या वस्तू-वास्तूंचा अभ्यास करतो. जीवाश्मांचा अभ्यास करणारा तो पुराजीवशास्त्रज्ञ. तरीही कुठे डायनोसॉरची अंडी सापडली, की बातमीत पुरातत्त्वज्ञ हजर असतातच.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘डायनोसॉर म्हणजे ग्रीक भाषेत महाकाय पाल’ हे वाक्य मुलांच्या माहितीपुस्तकांतून इतक्या वेळा उतरवले गेले आहे, की ते आता कोणी तपासूनही पाहत नाही. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४२ साली छापलेल्या अहवालात हे नाव दिले. त्यातील ‘डायनोस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘भयंकर’ असा आहे. स्वतः ओवेनने त्याचा अर्थ ‘भय वाटावे इतका मोठा’ असा सांगितला, आणि ‘महाकाय’वाले याच अर्थातला ‘मोठा’ उचलून ‘भय’ सोडून देतात. असे अर्धे भाषांतर करण्यापेक्षा मूळ शब्दच ठेवलेला बरा.

‘भीम’ या शब्दात मात्र दोन्ही अर्थ नांदतात. मराठी माणसाला भीम म्हटले की गदा, भूक आणि आकार आठवतो, त्यामुळे ‘भीमकाय’ म्हणजे प्रचंड हे त्याला सांगावे लागत नाही. परंतु शब्दाचा धातू ‘भी’, म्हणजे भिणे. आता सर्वसाधारण नियमाने धातूला कृत् प्रत्यय (धातूपासून नाम वा विशेषण घडवणारा प्रत्यय) लागला की तो कर्ता दाखवतो, आणि त्या हिशेबाने ‘भीम’ म्हणजे चक्क ‘भिणारा’, भित्रा ठरला असता! पाणिनीने हा अनर्थ ‘भीमादयोऽपादाने’ (३.४.७४) या एवढ्याशा सूत्राने टाळला आहे. भीम, भीष्म, भयानक हे शब्द अपादानाच्या, म्हणजे पंचमीच्या अर्थाने घ्यावेत: ज्याच्यापासून लोक भितात तो भीम. ‘डायनोस’ला याहून नेमका प्रतिशब्द शोधून सापडणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘सरट’ तर आपल्या सरड्याचाच संस्कृत पूर्वज. तेव्हा ‘पाल’ हवी कशाला?

ज्यांना केवळ आकार सांगायचा होता, त्यांनी तो सरळ सांगितला आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या आणि १९७५ साली नामकरण झालेल्या ‘बारापासॉरस टागोराय’ या डायनोसॉरची मांडीची हाडे सुमारे १.७ मीटर लांब होती, म्हणून तो ‘बडा पा’, मोठ्या पायाचा. ‘टागोराय’ हे रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ. (देवनागरीत ‘बारा’ वाचून त्याला बारा पाय चिकटवणारे महाभाग मला भेटले आहेत.)

‘भीमसरट’वर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो, की डायनोसॉर हे सरडे नव्हेत आणि म्हणून ‘सरट’ चूक. सरडे नव्हेत हे खरेच; पण ‘सॉरस’चा अर्थही सरडाच असल्याने ती चूक ओवेनच्या नावातच आहे, आणि भाषांतरकाराने मूळ लेखकाच्या चुका दुरुस्त करायच्या नसतात. ‘महाकाय’ हे विशेषण मात्र शास्त्रापुढेही टिकत नाही. कॉम्प्सोग्नॅथससारखे काही डायनोसॉर कोंबडीपेक्षा फारसे मोठे नव्हते, आणि आजचे पुराजीवशास्त्रज्ञ तर पक्ष्यांनाही डायनोसॉरांतच मोजतात. चिमणीला महाकाय म्हणण्याची सोय कोणत्याही कोशात नाही. भीम मात्र तिला खुशाल म्हणावे; भिणारा कोण हे पाणिनीने सूत्रात सांगितलेले नाही, तेव्हा अळीची साक्ष काढायला हरकत नसावी.