७० अंशांना टिकणारा बीएसटी वाळवल्यावर का मरतो? आधी ग्लिसरॉल बघा

बडोद्याहून प्रश्न विचारणाऱ्यांसाठी. तुमचा बीएसटीचा (डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) म्युटंट, म्हणजे मुद्दाम बदल केलेला प्रकार, ७० अंशांवर अर्धा तास ठेवला तरी ९० टक्के काम करतो, पण त्याच्याच वाळवलेल्या लॅम्प ट्यूब (एकाच तापमानाला डीएनए वाढवायची चाचणी; डीएनए वाढला की आम्ल सुटून रंग बदलतो) मे महिन्यात छोटा उदेपूरला गेल्या की गुलाबीच्या पिवळ्या होत नाहीत. तुमची पोस्ट वाचताना एका ओळीला दाताखाली खडा आला: 'स्टॉकमधूनच १० मायक्रोलिटर घेऊन तापवलं.' याच चुकीत आमचे आठ महिने गेले, म्हणून जरा लांबण लावतो.

स्टॉकमध्ये, म्हणजे एन्झाइमच्या साठवणीच्या घट्ट द्रावणात, ५० टक्के ग्लिसरॉल असतं आणि ते प्रथिनाला उलगडू देत नाही. त्यात तापवलं की म्युटेशन नसलेलं मूळ एन्झाइमसुद्धा पहिलवान वाटतं. २५ मायक्रोलिटरच्या रिॲक्शनमध्ये १ मायक्रोलिटर टाकलं की ग्लिसरॉल उरतं २ टक्के. वाळवायचं असेल तर तेही काढावं लागतं, कारण ते उडत नाही आणि गोळी चिकट राहते. थोडक्यात, तुम्ही परीक्षा घेतली ती कुबड्या देऊन.

३० किलोडाल्टनच्या स्पिन फिल्टरवर (त्याहून छोटे रेणू खाली गळतात) स्टॉक ग्लिसरॉल नसलेल्या बफरमध्ये दहापट पातळ करा, परत मूळ आकारमानाला आणा, असं तीनदा. ५० टक्क्यांचे ०.०५ होतात. लार्ज फ्रॅगमेंट (लॅम्पमध्ये वापरतात तो बीएसटीचा मोठा तुकडा) सुमारे ६७ किलोडाल्टनचा, त्यामुळे तो वरच राहतो. मग रिॲक्शन बफरमध्ये, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि ०.१ टक्का ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) सकट, प्रत्यक्ष वापराच्या पातळीला आणा. २५ मायक्रोलिटरला ८ युनिट असतील तर ०.३२ युनिट प्रति मायक्रोलिटर. ट्वीन विसरलात तर इतकं पातळ एन्झाइम ट्यूबच्या भिंतीला चिकटतं आणि दोष उष्णतेच्या माथी जातो. ६५ आणि ७० अंशांवर ०, ५, १०, २०, ४० मिनिटांनी थोडं थोडं काढून थेट बर्फात. झाकण गरम ठेवा, आणि त्याच प्लेटमध्ये मूळ एन्झाइम हवंच.

उरलेली ताकद मोजायला लॅम्पचा रंग वापरू नका. वाढ घातांकी असते. एन्झाइमचा बराचसा भाग मेला तरी रंग काही मिनिटं उशिरा येतो, एवढंच, आणि तासाभराने बघणाऱ्याला दोन्ही ट्यूब सारख्याच पिवळ्या दिसतात. एम१३ विषाणूचा एकपदरी डीएनए, एक प्रायमर (प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा) आणि दुपदरी डीएनएवर चमकणारा डाय घेऊन चमक वाढण्याचा सुरुवातीचा उतार मोजा. सायप्रो ऑरेंजने (उलगडलेल्या प्रथिनाला चिकटून चमकणारा डाय) टीएम ४ अंश वाढला म्हणून पेढे वाटू नका. टीएम म्हणजे अर्धं प्रथिन उलगडतं ते तापमान, एवढंच; काम किती होतं ते त्यातून कळत नाही. लूपमध्ये प्रोलीन घालून ताठ केलेला म्युटंट ६५ अंशांना आळशी निघू शकतो.

अर्थात सगळं खापर एन्झाइमवर फोडू नका. फसलेल्या ट्यूबमध्ये विकतच्या ताज्या बीएसटीचे ८ युनिट टाका. रंग आला तर दोषी एन्झाइम. नाही आला तर मिश्रण, आणि त्यात माझा पहिला संशय बफरवर: स्टॉकमधला ट्रिस किंवा एन्झाइम शुद्ध करायच्या निकेल कॉलममधून आलेला इमिडाझोल उरला असेल (दोन्ही पीएच धरून ठेवतात), तर डीएनए वाढूनही पीएच हलत नाही. ट्यूब वाळवतानाच पिवळी पडत असेल तर मिश्रणातलं अमोनियम सल्फेट काढा. त्यातला अमोनिया उडतो आणि आम्ल मागे राहतं. ट्रेहॅलोज (वाळवताना एन्झाइम जपणारी साखर) ५ ते १० टक्के आणि सोबत सिलिका जेलची सीलबंद पुडी, हे गृहीत धरतो.

हे सगळं लार्ज फ्रॅगमेंटपुरतं. टॅकला (पीसीआरचं एन्झाइम) लावू नका, त्याचं अर्धायुष्य ९५ अंशांवरच साधारण ४० मिनिटांचं आहे. आणि ट्यूब रुग्णांच्या नमुन्यांवर वापरल्या असतील तर त्या बॅचचे निगेटिव्ह निकाल धरून चालू नका.

जाता जाता: उत्तरायणाच्या आठवड्यात एन्झाइम मागवू नका. खरेदी विभागातल्या एका महाशयांनी आमचं थर्माकोलचं खोकं 'सही बाकी' म्हणून टेबलावर तीन दिवस ठेवलं होतं. बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, आणि वर आम्हालाच मेमो.

नवा ग्राफ टाकाल तेव्हा उभा अक्ष लॉगमध्ये ठेवा आणि मूळ एन्झाइमची रेघही दाखवा. दोन्ही रेघा सरळ आल्या तर अर्धायुष्य काढून तुलना करता येईल.