अश्वगंधाचा चहा, अश्वगंधेचा काढा की उकाळा?

प्रश्न एका बचत गटाच्या ताईंचा आहे. त्यांच्या गटातल्या बायका अश्वगंधेच्या वाळलेल्या मुळीची भरड, सुंठ आणि वेलदोडा एकत्र करून पुड्या बांधतात. पाकिटावर ‘अश्वगंधाचा चहा’ छापायचं की ‘अश्वगंधेचा चहा’? त्यात चहापत्तीचा कणही नाही, मग त्याला चहा म्हणावं का, की काढा? आणि फायदे कोणत्या शब्दांत लिहावेत?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: अश्वगंधेचा. संस्कृतातून जशीच्या तशी आलेली आकारान्त स्त्रीलिंगी नामं विभक्ती लागताना एकारान्त होतात. भाषा–भाषेचा, गंगा–गंगेचा, विद्या–विद्येचा, तशीच अश्वगंधा–अश्वगंधेचा. ‘अश्वगंधाचा’ असं लिहिलं तर मूळ शब्द ‘अश्वगंध’ असा पुल्लिंगी ठरतो, जसं गंध–गंधाचा. बायकांच्या नावांत मात्र आपण हल्ली हा बदल करत नाही. सुगंधा नावाच्या मुलीचा डबा ‘सुगंधाचा’च राहतो, ‘सुगंधेचा’ होत नाही, म्हणून कानाला ‘अश्वगंधाचा’ खटकत नसावं. त्यात हिंदी जाहिरातींतलं ‘अश्वगंधा की चाय’ रोज कानावर पडतं. हिंदीत शब्द तसाच राहतो, मराठीत राहत नाही. ‘मसाला चहा’सारखं ‘अश्वगंधा चहा’ हे जोडनाव म्हणून चालेल, पण वाक्यात आलं की अश्वगंधेचा, अश्वगंधेची, अश्वगंधेत.

या वनस्पतीला मराठीत स्वतःचं नाव आहे, आणि ते मागे पडत चाललंय याचं मला वाईट वाटतं. आस्कंद. कुठे आसंध, कुठे डोरगुंज किंवा ढोरगुंज. हिंदीतलं असगंध आणि आपलं आस्कंद ही एकाच अश्वगंधेची लेकरं. अश्वचं प्राकृतात अस्स झालं आणि पुढे आस, जसं हस्तचं हत्थ होऊन हात झाला. ‘स’ला चिकटलेल्या ‘ग’चा ‘क’ होणं जिभेला सोयीचं. शेवटच्या ‘कंद’मध्ये लोकांना जमिनीखालचा कंद ऐकू आला असावा असं मला वाटतं, कारण औषधाला लागतो तो जमिनीखालचाच भाग. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं मात्र तो कंद नव्हे, मूळच. ‘गुंज’ आलं असेल ते कागदी आवरणातल्या तांबड्या फळावरून. झुडूप वांगी-टोमॅटोच्या कुळातलं आहे. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, म्हणून अश्वगंधा, वाजिगंधा, हयगंधा. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, त्यातल्या ‘सोम्निफेरा’चा अर्थ झोप आणणारी.

आता चहा. चहापत्ती नसली म्हणून शब्द चुकला असं मी म्हणणार नाही. ‘गवती चहा’ मराठीनं केव्हाच पोटात घेतलाय. मला खटकतं ते वेगळं. चहा म्हटलं की माणूस कपात पुडी टाकतो, वर गरम पाणी ओततो आणि दोन मिनिटांनी पितो. आयुर्वेदात या कृतीला नाव आहे: फांट. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कल्पना, म्हणजे औषध तयार करण्याच्या रीती, सांगितल्या आहेत. फांटात चूर्णाच्या चौपट कढत पाणी ओतून गाळायचं, हिमात सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं. पानं, फुलं, पाकळ्या यांना फांट पुरतो. टणक मुळीला पुरत नाही, ती उकळावीच लागते. म्हणजे ‘चहा’ हे नाव गिऱ्हाइकाला चुकीची कृती शिकवतं.

क्वाथ म्हणजेच काढा. ‘काढा म्हणजे काढलेला अर्क’ असं पुष्कळांना वाटतं, पण त्याचा ‘काढणे’शी संबंध नाही. काढणे आलं ‘कृष्’कडून, काढा आला क्वाथाकडून. कढणे, कढी आणि काढा ही एका घरातली भावंडं. ‘अर्क’ तर आयुर्वेदात वेगळाच, वाफ थंड करून धरलेला.

पण शास्त्रातला काढा फार कडक असतो. भरडीच्या सोळापट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. 5 ग्रॅम मुळीला 80 मिलीलिटर पाणी, उरतं जेमतेम 10. ही औषधाची मात्रा झाली, कपभर पेय नव्हे. ताईंच्या पुडीतून घरी जे होतं त्याला नेमका शब्द मराठीत आहे: उकाळा. धण्याजिऱ्याचा उकाळा, सुंठीचा उकाळा घराघरांत होतो, आणि कोकण-गोव्यातल्या सारस्वतांकडे त्याच्या जवळचं पेय कषाय म्हणून प्यायलं जातं. माझं मत उकाळ्याला.

कृती अशी छापावी: एक सपाट चमचा भरड दोन कप पाण्यात टाकून मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळा, गाळा, हवं तर दूध घाला. गूळ घालायचा तर आच बंद करून, नाहीतर दूध फाटतं. चव कडवट-तुरट लागते, ती गुळानं सुसह्य होते. दुधातच शिजवायचं असेल तर तो क्षीरपाक: द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध तेवढं उरू द्यायचं. अश्वगंधेला दूध हे जुनं, मुरलेलं अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचं पेय, आहे. भरड आणि चूर्ण यांत गल्लत करू नका. वस्त्रगाळ चूर्ण उकळलं की गाळणीतून निसटून तळाशी चिखल होतो.

फायद्यांच्या मजकुरात ‘रामबाण’, ‘हमखास’, ‘बरा करतो’ हे शब्द नकोत. आयुर्वेदाचे स्वतःचे शब्द नेमके आहेत: बल्य म्हणजे ताकद देणारी, वातघ्न म्हणजे वात कमी करणारी, रसायन म्हणजे शरीराला पोसून टिकवणारी. हल्लीच्या काही छोट्या चाचण्यांत ताण कमी झाल्याचं आणि झोप थोडी सुधारल्याचं दिसलं, पण त्या बहुतेक मुळीच्या घनसत्त्वावर (आटवून घट्ट केलेल्या अर्कावर), ठरावीक मात्रेत, काही आठवड्यांपुरत्या झालेल्या आहेत. तो परिणाम कपभर उकाळ्याच्या नावावर मांडणं खरं नाही. ‘परंपरेनं ताकदीसाठी व शांत झोपेसाठी वापर’ एवढं लिहिलं तर ते खरंही आहे आणि पुरेसंही.

घटकांत ‘अश्वगंधा’ एवढंच न लिहिता ‘अश्वगंधा मूळ’ लिहा. पानं वापरू नयेत, असं आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये उत्पादकांना कळवलेलं आहे. आणि सूचना बारीक अक्षरांत दडवू नका. गरोदरपणात हे घेऊ नये. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. यकृताला त्रास झाल्याच्या विरळ नोंदी आहेत, त्यामुळे यकृताचा आजार असलेल्यांनी टाळावं.

तेव्हा ताई, पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘अश्वगंधेचा उकाळा’ आणि त्याखाली ‘आस्कंदाच्या मुळीची भरड, सुंठ, वेलदोडा’ असं छापा. ‘चहा’ शब्दाशिवाय विक्री होणार नाही असं गटाला वाटत असेल, तर मागच्या बाजूला ‘चहासारखा घ्या, पण उकळून’ ही ओळ घाला.