कोनवासा कापण्याआधी

चौपाखी (चारही बाजूंना उतार असलेल्या) छपराचं, त्यातही कोपऱ्यातून आढ्याकडे चढणाऱ्या कोनवाशाचं गणित बघून घाबरू नका. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि आधी भिंतींचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर पुढचं सगळं गणित फुकट.

मग साधा वासा पक्का करा. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या (माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या) मध्यापर्यंत आडवं 4 मीटर आणि उंची 3 मीटर असेल, तर वासा 5 मीटर, उतार साधारण 37 अंश. पागोळीचं, म्हणजे भिंतीबाहेर लांबवलेलं टोक वेगळं धरा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- आढ्याची अर्धी जाडी वजा करायची राहते. ती आडवी मोजायची, वाशाच्या उतारावर नाही.
- कोनवाशालाही तोच 37 चा कोन लावतात. पण कोनवासा कोपऱ्यातून तिरका येतो. उंची तीच, पण आडवं अंतर 4 गुणिले 1.414, म्हणजे 5.66 मीटर. म्हणून कोन जेमतेम 28 अंश आणि लांबी 6.40 मीटर. (दोन्ही पाख्यांचा उतार सारखा असेल तरच हं.)

एकच वासा कापा, वर चढवून बघा, बसला की त्याचाच नमुना करून बाकीचे आखा. कोनवाशाला टेकणाऱ्या आखूड वाशांचे दुहेरी तिरके काप सध्या राहू द्या. त्याआधी गुण्यावर (सुताराच्या काटकोनी मापपट्टीवर) हात बसू दे.